बेचाळिसावं पान

रिकार्टन, क्राइस्टचर्च
रविवार, १२ मार्च २००६

प्रिय वसुताई,

तुला नमस्कार आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांनाही. ते आता तुझ्यापेक्षा मानाचे झालेत असं तुझ्या पत्रावरून दिसतं. भाजीसाठी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडतेस हे वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. पाटबंधारे खात्याचे तीन मजले चढून रोज माझ्याआधी टेबलाशी बसलेली असायचीस तू.

आम्ही सगळे ठीक. नितीशची फार्मसी, इरावतीच्या हॉस्पिटलातल्या पाळ्या, मृदुलाची शाळा, असं घर सकाळी आठला रिकामं होतं. मृदुला नऊ वर्षांची झाली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आपणच जिंकलो असं दोघींना वाटतं. काल मला म्हणाली, "आज्जी, युअर जँडल्स आर इन द रेन." म्हणजे माझ्या चपला. इथे आल्यापासून माझ्या चपलांचंही नाव बदललं.

तू विचारलंस, दिवसभर करतेस काय. तर ऐक, मला पुन्हा स्टेनोची नोकरी लागली आहे. साहेब ग्रीक आहेत.

आमच्या कुंपणापलीकडे प्रोफेसर स्टेलिओस वरदाकिस म्हणून राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मूळचे क्रीट नावाच्या बेटावरचे. इथल्या युनिव्हर्सिटीत पंचवीस वर्षं संगीत शिकवलं, त्यांच्याकडच्या जुन्या देवळांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, गाण्यांवर जाडजूड पुस्तकं लिहिली, आणि स्वतःही संगीत रचलं. ते कुठेकुठे मोठ्या सभागृहांत वाजलंही आहे. गल्लीत मात्र सगळे त्यांना दारातल्या लिंबाच्या झाडामुळे ओळखतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एलेनी नावाची एकुलती मुलगी वेलिंग्टनला शाळेत शिकवते.

ओळख झाली ती कपडे वाळत घालताना. मी नेहमीसारखी भूप गुणगुणत होते. कुंपणापलीकडून आवाज आला, "मॅडम, तुमचा तिसरा सूर पियानोपेक्षा किंचित खाली आहे. प्लीज, तो तसाच ठेवा." मी ओलं धोतर... धोतर कुठलं इथे, नितीशची जीन्स हातात घेऊन उभीच राहिले. गांधारावरून मला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. वाचता येत नाही, लिहिता येत नाही. आणि यातच सगळं दुखणं आहे. १९६७ साली त्यांच्या देशात लष्करानं सत्ता घेतली. यांनी विरोधात एका पत्रकावर सही केली आणि देश सोडावा लागला, पासपोर्टही रद्द झाला. एकाहत्तर साली आई गेली तेव्हा जाता आलं नाही. पुढे लष्कर गेलं, रस्ता मोकळा झाला, तरी हे गेले नाहीत. मी विचारलं का, तर म्हणाले, "ती दारात बसायची. रिकामं दार बघायला इतक्या लांब कशाला जायचं?"

गेले नाहीत, पण तीस वर्षं तिच्यासाठी एक गाणं लिहीत राहिले. एकच. बेचाळीस पानांचं. बाकीचं संगीत त्यांनी पियानोवाल्यांच्या पाच रेघांवर लिहिलं, हे मात्र देवळातल्या जुन्या लिपीत, कारण गावच्या देवळातल्या गवयाला तेवढीच वाचता येते आणि ते त्यानं गायला हवं. दोन वर्षांपूर्वी लिहून संपलं आणि डोळे गेले. म्हणजे स्वतःचं गाणं त्यांनी अजून पूर्ण ऐकलेलंच नाही. कुणीतरी वाचून, गाऊन दाखवायचं, यांनी चुका दुरुस्त करायच्या, मग ते गावी पाठवायचं, असं चाललं होतं मनात. पण वाचणार कोण? त्यांच्या हाताखाली शिकलेलं आता इथे कुणी उरलेलं नाही.

वसुताई, मी ती पानं पाहिली आणि मला हसूच आलं. अगदी आपलं शॉर्टहँड! बाक, आकडे, टिंबं, कुठे जाड कुठे बारीक. चिन्ह सूर सांगत नाही. आधीच्या सुरापासून किती पायऱ्या वर किंवा खाली जायचं तेवढं सांगतं. दहा दिवसांत मला वाचता यायला लागलं. ते म्हणाले त्यांच्या विद्यार्थ्यांना वर्ष लागायचं. मी म्हटलं, "सर, तुमच्या विद्यार्थ्यांनी चीफ इंजिनिअरचं डिक्टेशन घेतलेलं नाही."

आता रोज दहा ते बारा मी तिथे असते. एक ओळ वाचायची, आपल्या सरगममध्ये वहीत उतरवायची, खाली ग्रीक शब्द देवनागरीत, आणि गाऊन दाखवायची. ते खालचा एकच सूर घशात धरून बसतात, आपला तंबोरा बसतो तसे. चुकलं की बोट वर करतात. त्यांचा रिषभ आपल्या कोमल आणि शुद्धच्या मध्ये कुठेतरी राहतो. तो मला आठवडाभर सापडला नाही आणि सापडला तेव्हा दोघांनी मिळून माझ्याकडचा आल्याचा चहा घेतला.

पान पूर्ण झालं की त्यांच्या मूळ पानावर आपल्या शिस्तीनं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत पेनची एक तिरकी रेघ. तूच शिकवलीस ना, रेघ म्हणजे उतरून झालं, तपासलं, काळजी मिटली. परवा कागदावरचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "काय केलंत?" मी म्हटलं, "पेज डन, सर." "गुड," म्हणाले. एकतीस वर्षांत कुठल्या साहेबानं मला गुड म्हटलं होतं?

सात पानं झाली. नितीशचे बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच सकाळी उठताना काहीतरी करायचंय असं वाटतं. गुडघ्यांना एरंडेल लाव आणि आळस करू नकोस.

तुझी,
श्यामला


रिकार्टन, क्राइस्टचर्च
रविवार, १८ जून २००६

प्रिय वसुताई,

नमस्कार. तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि माझं उत्तर नाही, त्याबद्दल रागावू नकोस.

प्रोफेसर गेले. चार तारखेला, रविवारी. छातीत कफ झाला म्हणून गुरुवारी हॉस्पिटलात नेलं. शनिवारी इरावती पाळी संपल्यावर त्यांना बघून आली, म्हणाली, "आई, ते तुमची चौकशी करत होते. फोर्टी-टू, फोर्टी-टू म्हणत होते सारखं. काय ते?" मी म्हटलं, शेवटचं पान राहिलंय. रविवारी भेटायला निघणार तोच फोन आला.

एलेनी शनिवारीच वेलिंग्टनहून पोचली होती, म्हणजे शेवटी जवळ होती. पंचेचाळिशीची आहे, वडिलांसारखंच रुंद कपाळ, भराभर बोलते आणि मधेच थांबते. शुक्रवारी दफन झालं. त्यांचे धर्मगुरू वेलिंग्टनहून आले होते. काळे झगे, धूप, आणि त्यांच्या देवळातलं गाणं. मला त्यातले सूर ओळखू येत होते आणि ओळखू येतात म्हणून जास्त रडू येत होतं. नितीशनं माझा हात धरून ठेवला. त्याला वाटलं मला त्याच्या बाबांची आठवण आली. वाटू दिलं.

आईशेजारी, क्रीटमध्ये न्यायचा विचार एलेनीच्या मनात होता. गावाकडच्या चुलतभावाशी बोलणंही झालं होतं. मग तो विचार मागे पडला. इथेच ठेवलं. असो.

सोमवारी इथे बर्फ पडला, चांगला वीतभर. मृदुलाला शाळेला सुट्टी, तिनं अंगणात माणूस केला आणि त्याला माझी शाल मागितली. दिली. कुंपणापलीकडच्या लिंबाच्या झाडाची फांदी मोडली. एलेनीनं जाताना टोपलीभर लिंबं आणून दिली होती, त्यांचं लोणचं घालायला घेतलं, मोहरी फेसली आणि मग तसंच ठेवून दिलं. इरावती बिचारी दुसऱ्या दिवशी पाळीवरून येऊन ते पूर्ण करत बसली. तिला मीठ किती ते कळेना, विचारायला आली तर म्हणे मी भिंतीकडे बघत होते.

मला एक विचारायचंय. आपल्या ऑफिसात रेघ मारलेलं पान कधी कुणी परत मागितलं होतं का? किंवा त्या रेघेचा कुणी भलताच अर्थ घेतला, असं कधी झालं होतं? तुला सगळं आठवतं म्हणून विचारते. सहज.

नितीश म्हणतो, "आई, यू ओके? जेवत नाहीयेस. जीपीची अपॉइंटमेंट घेऊ का?" डॉक्टरला मी काय सांगू? मला ताप नाही, खोकला नाही. रात्रीची झोपही लागते. सकाळी दहा वाजले की मात्र काय करावं कळत नाही. वही समोर घेऊन बसते आणि उघडत नाही.

आपल्या ऑफिसातल्या कृष्णाच्या मुलीचं लग्न ठरलं हे छान झालं. आहेर माझ्या वतीनं तूच कर.

तुझी,
श्यामला


रिकार्टन, क्राइस्टचर्च
रविवार, ३० जुलै २००६

प्रिय वसुताई,

तुझं पत्र बुधवारी आलं. तू ख्यालीखुशाली काही लिहिली नाहीस, सरळ विचारलंस, "श्यामले, रेघेचं काय झालं ते लिही." तुझ्यापासून कधी काही लपलंय? तेव्हा लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहायचा धीर होणार नाही, म्हणून एका बैठकीत.

प्रोफेसर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी त्यांच्या घरी मुगाची खिचडी घेऊन गेले होते. एलेनी स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. टेबलावर गाण्याची पानं पसरलेली. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "श्यामला, हे बघा. आजीसाठी तीस वर्षं लिहीत होता. एकेचाळीस पानं, आणि न दिसता चाचपडत एकेका पानावर काट मारलीय. सगळं रद्द करून टाकलं त्यानं."

त्यांचीही एक पद्धत होती, वसुताई, ती मला त्या दिवशी तिच्याकडून कळली. न पटलेल्या पानावर तिरकी रेघ मारायची आणि थंडीत ती पानं शेगडीत घालायची. रेघ मारलेलं कुणाच्या नजरेला पडता कामा नये. लहानपणापासून एलेनीनं हेच बघितलेलं, आणि मी तिथे रोज काय करते ते तिला माहीत नव्हतं. तिच्या वडिलांच्या घरात रेघ म्हणजे नको असलेलं पान, आणि आपल्या ऑफिसात रेघ म्हणजे पुरं झालेलं. त्यांना दिसत असतं तर पहिल्याच पानावर माझा हात धरला असता. त्यांना दिसत नव्हतं आणि मी म्हटलं, पेज डन, सर.

ती पुढे म्हणाली, "मी त्याला क्रीटला न्यायचं म्हणत होते. आता वाटतं, त्यालाच नको होतं. त्यानं ते सगळं पुसून टाकलं. मग मी कशाला ओढून नेऊ?"

आणि मी गप्प राहिले.

तोंडात मिठाची गुळणी धरावी तशी. हातातला खिचडीचा डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडून दिलं, चमचा कुठे असतो ते मला माहीत होतं तो काढून दिला. फक्त एवढं म्हणायचं होतं की रेघ माझी आहे. तेवढं इंग्रजी मला येतं. गव्हर्न्मेंटचे सर्क्युलर मी इंग्रजीत घेतलेत. इंग्रजीचं नाव पुढे करून मी तुला फसवणार नाही.

लाज वाटली. माझ्या कामात चूक निघते, तीही अशी, हे मला सहनच झालं नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवला तिनंच घात केला. वाटलं, आत्ता ती रडतेय, उद्या शांतपणे सांगू. मंगळवारी सकाळी केस विंचरून, मनात वाक्यं जुळवून निघाले, तर त्यांच्या धुराड्यातून धूर येत होता. मला कळलं ती काय जाळतेय. कुंपणाशी उभी राहिले आणि परत घरात आले. मग मनाला समजावलं, आता पानंच नाहीत, सांगून काय उपयोग. पण दफन शुक्रवारी होतं. तीन दिवस माझ्या हातात होते. पानं गेली तरी माणूस अजून मातीवर होता, त्याला नेता आलं असतं.

आणि याहून वाईट आहे ते अजून लिहिलंच नाही. त्यांना कुठे जायचं होतं ते मला माहीत होतं. मे महिन्यात, तिसाव्या पानाच्या सुमारास, त्यांनी सांगितलं होतं. म्हणाले, "आईच्या शेजारी माझी जागा आहे. एलेनीला मी तसं सांगणार नाही. मुलांवर हुकूम सोडून मरू नये. पण तिनं हे गाणं ऐकलं की तिला कळेल मला कुठे ठेवायचं." मी ते ऐकलं होतं, वसुताई. त्यांनी ते दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. आणि दफनाच्या दिवशी मी काळी साडी नेसून पहिल्या रांगेत उभी होते.

त्यांच्यात चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा प्रार्थना करतात आणि उकडलेले गहू वाटतात. साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे घालून. त्यासाठी एलेनी सोळा तारखेच्या रविवारसाठी आली. गहू कसे भिजवायचे तिला नीट माहीत नव्हतं, मला विचारायला आली. शनिवारी आम्ही दोघी तिच्या वडिलांच्या स्वयंपाकघरात होतो. उकडलेले गहू टॉवेलवर पसरून कोरडे करायचे असतात, सुटे व्हावेत म्हणून. मी पसरत होते, ती पसरत होती. मी मान वर न करता सांगितलं. रेघ माझी. तिचा अर्थ असा. त्यांनी एकही पान रद्द केलं नव्हतं, प्रत्येक पान माझ्याकडून दोनदोनदा गाऊन घेतलं होतं. आणि मेमध्ये काय म्हणाले होते तेही.

तिचे हात थांबले नाहीत. गहू पसरतच राहिली. टॉवेल भरल्यावर विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. तू पानं दाखवलीस तेव्हाच."

"तुम्ही मला चमचा काढून दिलात," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.

"मी शेवटचं पान ठेवलं," ती म्हणाली. "त्याच्यावर रेघ नव्हती. मला वाटलं, बेचाळिसांतलं हे एकच त्याला हवं होतं. म्हणून मी ते त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात घातलं. नीट घडी करून." मग तिनं हात पुसले आणि म्हणाली, "तुम्ही आता घरी जा, प्लीज."

घरी आले. इरावतीनं माझ्या तोंडाकडे बघून चहा टाकला आणि शेजारी बसली. तिला आणि नितीशला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. नितीश आधी चिडला, "आई, हाऊ कुड यू जस्ट नॉट से?" आणि मग स्वतःच उठून चौकशीला लागला, पुरलेला देह हलवून नेता येतो का. परवानग्या मिळतात, वेळ लागतो. त्यानं एलेनीला फोन करून सांगितलंही. ती म्हणाली, थँक यू, पण वडिलांना दोनदा पुरायची माझ्यात ताकद नाही.

रविवारी मी जाणार नव्हते. कुठल्या तोंडानं जायचं? पण सकाळी दाराची बेल वाजली. एलेनी कोट घालून उभी होती. रात्रभर रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "तुमची वही आहे ना? ती घ्या."

दफनभूमीत प्रार्थना झाली, दहा-बाराच माणसं होती. गहू वाटले. सगळे गेल्यावर एलेनी गवतावरच बसली, ओल्या गवतावर, आणि मला म्हणाली, "म्हणा."

वसुताई, तुला माझा आवाज माहीत आहे. ऑफिसच्या गणपतीपुरता. थंडीनं तो आणखी बसलेला. खाली सूर धरणारं कुणी नाही. तरी मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्यांच्या लिपीत कुठे सूर थरथरवायचा, कुठे दाबायचा याच्या बारीक खुणा असतात. त्यांतल्या निम्म्या मी सरगममध्ये घेतल्याच नव्हत्या, कारण मूळ पानं आहेत ना, असं मला वाटायचं. आठवतील तशा घेतल्या. शब्दांचा अर्थ मला कळत नव्हता. 'माना' म्हणजे आई, एवढा एक शब्द माहीत होता आणि तो सारखा येत होता. एलेनीला सगळं कळत होतं. चौथ्या-पाचव्या पानाला तिनं चेहरा गुडघ्यांत घातला. एका ठिकाणी हसली. नंतर सांगितलं, तिथे आजी शेळीला शिव्या देते.

पाऊण तास झाला असेल. नितीश लांब गाडीपाशी उभा होता. मी एकेचाळिसाव्या पानाच्या तळाशी आले आणि थांबले. तिथे शब्दही अर्धाच होता. त्यांच्या गाण्यात एकेक अक्षर लांब खेचतात, पान संपलं आणि शब्द राहिला. मी 'माना, एर' एवढं म्हटलं आणि वही मिटली.

एलेनीनं डोकं वर केलं. "पुढे?"

"पुढचं बेचाळिसाव्या पानावर आहे," मी म्हटलं. "ते आम्ही घेतलंच नव्हतं."

ती म्हणाली, "शब्द मला माहीत आहे. एर्खोमे. मी येतोय." आणि मग, "आई, मी येतोय. सूर वर जातो की खाली?"

तिनं त्या मातीवर हात ठेवला आणि तो शब्द नुसताच म्हटला, सुराशिवाय, तीन-चार वेळा.

तिनं मला क्षमा केली की नाही, माहीत नाही. मी विचारलं नाही. वहीची झेरॉक्स ती घेऊन गेली आहे. त्यातली सरगम तिला ओळीओळीनं समजावून देण्यासाठी मी पुढच्या महिन्यात वेलिंग्टनला जाणार आहे, तिनंच बोलावलंय. मग ते गावी पाठवीन म्हणते, जेवढं आहे तेवढं.

बाकी इथे थंडी आहे. सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. माझी समजूत घालणारं पत्र मात्र पाठवू नकोस, वसुताई. ते मी वाचणार नाही.

बोलायचं तेव्हा न बोललेली,
श्यामला